मासळीवर बर्फच का? ० अंशाचं थंडगार पाणी का नाही चालत?

तापमान सारखं असलं, तरी उष्णता शोषायची दोघांची ताकद सारखी नसते. १ ग्रॅम बर्फ वितळताना सुमारे ३३४ जूल उष्णता घेतो आणि पूर्ण वितळेपर्यंत ० अंशावरच राहतो. पाणी मात्र ग्रॅममागे दर ४.१८ जूलला १ अंशाने तापतं. म्हणजे बर्फ वितळवणारी उष्णता तेवढ्याच पाण्याला ८० अंशांपर्यंत नेईल!

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात उतरलेला ३० अंशांचा १ किलो बांगडा ० अंशावर आणायला साधारण ११० किलोजूल काढावे लागतात. हिशेबाने एक तृतीयांश किलो बर्फ पुरतो. प्रत्यक्षात बराच जास्त घाला. कोकणातल्या दमट हवेतली वाफ बर्फावर पाणी होताना ग्रॅममागे सुमारे २,५०० जूल सोडते, म्हणून क्रेट झाकणं फार महत्त्वाचं.