वाचकांचे प्रश्न : ड्रायर ठीक, मग ड्यू पॉइंट का चढतो?

प्रश्न : पेंट शॉपच्या दाबाखालच्या हवेसाठी आमच्याकडे ट्विन टॉवर ड्रायर (ओलावा शोषणाऱ्या दाण्यांचे दोन टॉवर आलटून पालटून चालवणारा) आहे. त्यावरचा मीटर ड्यू पॉइंट (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी किंवा बर्फ होऊ लागतं; जितका खाली तितकी हवा कोरडी) उणे ४२ अंश दाखवतो. लाइनच्या टोकाला पीयू (पॉलियुरेथेन) ट्यूब लावून पोर्टेबल मीटरने पाहिलं, तर दुपारी उणे २८ आणि रात्री उणे ३४. लाइनमध्ये ७ बार दाब असताना बाहेरचा ओलावा आत येईलच कसा? – एक वाचक, चाकण

उत्तर : येतो. वाफ कुठून कुठे जाणार हे तिच्या स्वतःच्या आंशिक दाबावर ठरतं, लाइनच्या एकूण दाबावर नाही. पावसाळ्यात ३० अंश तापमान आणि ७० टक्के आर्द्रता असेल, तर बाहेर हा दाब सुमारे ३० मिलिबार असतो. उणे ४० ड्यू पॉइंटच्या हवेत जेमतेम ०.१३. म्हणजे बाहेर दोनशेपटींहून जास्त. म्हणून पीयूच्या भिंतीतून वाफ सरळ आत झिरपते. बारीक गळतीतून हवा बाहेर जात असतानाही ती आत येऊ शकते. दुपारी ट्यूब तापली की झिरपणं वाढतं, भिंतीला चिकटलेलं पाणीही सुटतं. तुमचा दिवस-रात्रीचा फरक बहुधा यातलाच आहे.

तेव्हा डेसिकंटला (ड्रायरमधल्या ओलावा शोषणाऱ्या दाण्यांना) हात लावण्याआधी ट्यूब बदला. बाहेरचा व्यास ६ मिमी, जाडी १ मिमी, ३१६ स्टेनलेस, लांबी दोन मीटरच्या आत. पीटीएफई (टेफ्लॉन) तात्पुरती चालेल. रबर, नायलॉन, पीयू नकोच. जोड फेरूलचे (नळीला आवळून धरणाऱ्या धातूच्या कड्यांचे) घ्या आणि साबणाच्या पाण्याने तपासा. नमुन्याचं टॅपिंग हेडरच्या (मुख्य नळाच्या) वरच्या अंगाने काढा, तळातून गंज आणि पाणी येतं. मध्ये टी टाकून प्रेशर गेज लावू नका : गेजच्या नळीत अडकलेली ओली हवा बराच वेळ नमुन्यात मिसळत राहते. ड्रायरमधून डेसिकंटची धूळ येते, म्हणून सेन्सरआधी छोटा सिंटर्ड (धातूची भुकटी भाजून केलेला सच्छिद्र) फिल्टर हवा; मोठ्या प्लॅस्टिक बाऊलचा नको.

मिनिटाला ३ लिटर हवा (वातावरणाच्या दाबाला मोजलेली) सोडली तर या नळीतली हवा चारेक सेकंदांत बदलते. भिंतीवरचं पाणी मात्र इतक्यात जात नाही. तासभर तरी चालू ठेवा, आणि टॉवर बदलतानाचा चढउतार दिसावा म्हणून पूर्ण सायकल बघा.

मग खरी परीक्षा : प्रवाह दुप्पट करा (मीटरच्या मर्यादेत). रीडिंग आणखी कोरडं झालं, तर ओलावा नमुन्याच्या नळीतच शिरतोय. जागचं हललं नाही, तर ते लाइनचंच आहे. मग ड्रायरपासून टोकापर्यंतचे रबरी होज आणि बंद फाटे शोधा.

प्रश्न : प्रवाह जुळवणारा निडल व्हॉल्व्ह मीटरच्या आधी की नंतर?

उत्तर : नंतर. आयएसओ ८५७३-१ (दाबाखालच्या हवेच्या शुद्धतेचं मानक) मधली वर्ग २ ची उणे ४० ही मर्यादा दाबाखालच्या ड्यू पॉइंटची आहे. व्हॉल्व्ह आधी लावला की सेन्सर वातावरणाच्या दाबावर येतो आणि ७ बारला उणे ४० असलेली हवा तिथे उणे ५७ च्या आसपास दिसते. बिघडत चाललेला ड्रायरही मग बराच काळ उत्तम वाटतो.