कॉन्फिडन्स ठेवा म्हणतात, पण आणायचा कुठून?

प्रश्न: मी गोल्फ खेळतो, माझं हँडिकॅप 18 आहे, म्हणजे 18 होलच्या राउंडला 18 शॉट सवलतीचे. रेंजवर, म्हणजे सरावाच्या जागी, ड्रायव्हर (सगळ्यात लांब मारायचा क्लब) मस्त लागतो, पण मॅचच्या दिवशी पहिल्या टीवर, म्हणजे जिथून होल सुरू होतं तिथे, मागे चार लोक उभे असले की हात आखडतात, बॉल स्लाईस होऊन, म्हणजे बाजूला वळून, झाडीत जातो आणि मग तीन फुटांचे पटसुद्धा (होलात बॉल घालायचे जवळचे फटके) सुटतात. सगळे म्हणतात कॉन्फिडन्स ठेव. पण तो येतो कुठून? – एक वाचक, पुणे

उत्तर: नुसतं ठेव म्हटल्याने तो कुणालाच येत नाही हो. माझं ठाम मत आहे की आपला कुठला शॉट दहातून कितीदा लागतो हे पक्कं ठाऊक असलं की कॉन्फिडन्स आपोआप येतो, आणि हे रेंजवर कळतच नाही, घोडं तिथंच पेंड खातं. सपाट मॅट, एकच क्लब, लागोपाठ तीस बॉल, मग पाचवा-सहावा लागणारच, कारण आधीच्या चारांत हात बसलेला असतो. कोर्सवर मात्र तो पहिलाच बॉल मोजला जातो.

म्हणून रेंजवर बॉलची अर्धी बकेट अशी मारा की मनातल्या मनात तुमच्या कोर्सचे होल खेळताय, ड्रायव्हर, मग मधल्या अंतराचा सात नंबरचा क्लब, मग जवळच्या शॉटचा वेज, प्रत्येक बॉलला टार्गेट वेगळं आणि दरवेळी मागे येऊन शॉटआधीचं पूर्ण रूटीन. असे दहा ड्राईव्ह लिहून ठेवा. फेअरवेच्या, म्हणजे मधल्या कापलेल्या गवताच्या पट्ट्याच्या, रुंदीत चारच बसले आणि हायब्रिडने (ड्रायव्हरपेक्षा आखूड, सोप्या क्लबने) आठ, तर पहिल्या टीवर हायब्रिड काढा, त्यात कमीपणा कसला? हँडिकॅप 18 म्हणजे दर होलला एक शॉट जास्तीचा मिळतोच, पार-4 वर, म्हणजे चार शॉट ठरलेल्या होलवर, पाच मारले तरी तुमच्या हिशोबाने पारच. आणि हँडिकॅप निघतं शेवटच्या 20 पैकी चांगल्या 8 राउंडवरून, त्यामुळे बहुतेक दिवशी स्कोअर त्याहून वाईटच येणार, लगेच फॉर्म गेला असं धरू नका.

आपली गोल्फर अदिती अशोक, तिचं टोकियो ऑलिंपिक आठवतंय ना, 2021 मधलं? जागतिक रँकिंग 200, त्याआधी कोविड होऊन गेलेला, ड्राईव्हचं अंतर तिथल्या सगळ्यात कमी असणाऱ्यांमध्ये, आणि तरी चौथी आली, मेडल एका शॉटने हुकलं. लांब मारणाऱ्यांच्या मागे ती धावली नाही, आपल्या पटिंगवर आणि शॉर्ट गेमवर खेळत राहिली, कॅडी म्हणून, म्हणजे बॅग सांभाळायला, आई सोबत. मला तिचं ते चार दिवसांचं खेळणं फार फार आवडतं.

आता पट. होलचं भोक 4.25 इंच रुंद असतं आणि पीजीए टूरवरचे, म्हणजे अमेरिकेतल्या प्रोंच्या मोठ्या स्पर्धांमधले, प्रोसुद्धा आठ फुटांवरून साधारण निम्मेच पट घालतात, म्हणून आठ फुटांचा सुटला तर जीवाला लावून घेऊ नका. तीन फुटांचा मात्र घोटायलाच हवा. होलपासून तीन फुटांवर बॉल, त्याच्या जरा पुढे दोन टी (बॉल ठेवायच्या छोट्या खुंट्या) रोवून बॉल जेमतेम जाईल एवढी फट ठेवा, आणि दर पटनंतर होलची बाजू बदला, उतार बदलायला हवा.

हात आखडतात त्यावर एवढंच, उभं राहण्याआधी श्वास लांब सोडा आणि ग्रिप थोडी सैल करा. आणि मॅचच्या दिवशी वॉर्म-अपचा शेवटचा बॉल त्याच क्लबने मारा जो पहिल्या टीवर काढणार आहात, तिथे जाऊन ऐनवेळी क्लब बदलू नका.