बर्फाचे बूट, इंदूरचे पाय: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी सहज एक ओळ टाकली होती, की गुलमर्गला भाड्याच्या स्की बुटांनी माझ्या दोन्ही अंगठ्यांची नखं काळी पडून गेली आणि मग मी स्वतःचे रेस टाइपचे कडक बूट घेऊन ते घासून-खरवडून पायाला बसवले. वाटलं होतं इंदुरात कोणाला काय पडलंय त्याचं, आपल्याकडे बर्फ दिसतो तो गोळ्याच्या गाडीवर. पण पत्रं आली की भिया, ढिगानं आली! त्यातली पाच घेतोय.

सुदामा नगर, इंदूर: माझं वय ३४, वजन ८२ किलो. गुलमर्गला चार सीझन झाले. रोजचा बुटाचा नंबर ९, भाड्यानं २९ चे देतात, तेही ढिले वाटतात. म्युनिकचा चुलतभाऊ जुने रेस बूट स्वस्तात आणतोय, फ्लेक्स १५०, लास्ट ९३, साइझ २७.५. घेऊ का?

भावाला आजच मेसेज करा, थांब म्हणावं. बूट वाईट असतील म्हणून नाही, तुम्ही पाय मोजलेलाच नाही म्हणून. स्की बुटाचा नंबर म्हणजे सरळ पायाची लांबी सेंटीमीटरमध्ये, मोंडोपॉइंट म्हणतात त्याला, आपल्या ८-९ नंबरांशी त्याचं काही घेणं-देणं नाही. संध्याकाळी, दिवसभर चालून पाय थोडा फुगलेला असतो तेव्हा, टाच भिंतीला टेकवून कागदावर उभे रहा, दोन्ही पायांवर सारखं वजन, आणि सगळ्यात लांब बोटापुढे एक जाड पुस्तक उभं धरून रेघ मारा. दोन्ही पायांचं करा, जवळजवळ सगळ्यांचे पाय थोडे लहान-मोठे असतातच. माझा अंदाज आहे की तुमचा पाय २७ च्या आत-बाहेर निघेल आणि २९ मध्ये तुम्ही चार सीझन होडीत बसल्यासारखे स्की केलंय.

आता आकडे. बहुतेक कंपन्यांमध्ये २७ आणि २७.५ चा शेल, म्हणजे बाहेरचं प्लास्टिक, एकच असतो, त्यामुळे अर्ध्या नंबरावर डोकं लावू नका. लास्ट म्हणजे पुढच्या पंजाची रुंदी मिलिमीटरमध्ये आणि ती बहुतेक २६.५ साइझवर मोजलेली असते, मोठ्या नंबरात ती वाढते. १०० म्हणजे मध्यम, ९८ म्हणजे जरा टाइट, आणि ९२ ते ९६ म्हणजे खरा रेस बूट, ज्याला प्लग म्हणतात. प्लग हा तयार बूट नाहीच हो, तो कच्चा माल आहे, शिंप्याकडे टाकायच्या कापडासारखा. भिंती मुद्दाम जाड ठेवतात म्हणजे आतून घासायला जागा राहील, लायनर, म्हणजे आतला मऊ बूट, पातळ, आणि काहींचा तळसुद्धा कंपनीतून जास्तीच्या मापाचा येतो, तो मशीनवर तासून बाइंडिंगच्या, म्हणजे स्कीवर बूट अडकवायच्या खटक्याच्या, मापात आणावा लागतो. त्यात हे जुने बूट म्हणजे दुसऱ्या कोणाच्या पायासाठी ऑलरेडी घासलेले असणार! दुसऱ्याच्या मापाचा ब्लाउज घेऊन टाके उसवत बसण्यातला प्रकार.

फ्लेक्सचं, म्हणजे गुडघा पुढे दाबला की बूट किती कडक लागतो त्याचं, विचाराल तर १५० हा आकडा ऐकून छाती फुगते, पण हा आकडा कुठल्या एका नियमाने ठरत नाही, एका कंपनीचा १३० दुसरीच्या ११० सारखा लागू शकतो. आणि आपल्या गावाची वेगळीच गंमत, हे प्लास्टिक गरमीत मऊ पडतं न थंडीत कडक होतं. मी माझे १३० वाले पहिल्यांदा मे महिन्यात घरी घालून बघितले, पंखा फुल, बाहेर ४२ डिग्री, गुडघा पुढे दाबला तर बूट असा वाकला की मला वाटलं फसवलं आपल्याला. तेच बूट जानेवारीत सकाळी गोंडोलाच्या, म्हणजे गुलमर्गच्या रोपवेच्या, लायनीत दगड झाले होते. म्हणून इंदुरात बसून फ्लेक्सचा निर्णय घ्यायचाच नाही.

माझं मत विचारलंत तर ८२ किलोला आणि चार सीझनच्या सरावाला ११०-१२० फ्लेक्स, ९८ लास्ट, नंबर मोजून. गुलमर्गची खरी मजा अफरवट डोंगरावरच्या भुसभुशीत बर्फात आहे, गेटमधून वळायच्या टणक रेस ट्रॅकवर नाही, तिथं प्लग घालून जाणं म्हणजे सराफ्यात रात्री टायकोट घालून गराडू खायला जाणं. आणि हो, बूट बदलला की तळाची लांबी बदलते, ती टाचेजवळ मिलिमीटरमध्ये छापलेली असते, त्याप्रमाणे बाइंडिंग परत सेट करूनच घ्यायचं. हे विसरलात तर स्की सुटायला पाहिजे तेव्हा सुटणार नाही आणि गुडघा जाईल.

कुठल्या साइझचा शेल बरोबर, हे दुकानात कसं ओळखायचं? सेल्समन तर प्रत्येक बुटाला परफेक्ट म्हणतो. (रामबाग, इंदूर)

लायनर बाहेर काढायला सांगा. काढणार नाही म्हणाला तर दुकान बदला. रिकाम्या शेलमध्ये उघडा पाय घाला, बोटं पुढे हलकी टेकू द्या, गुडघा जरा वाकवा आणि टाचेमागे किती जागा राहिली ते बघा. लोक बोटांनी मोजतात, पण बोटं प्रत्येकाची वेगळी, मी खिशात शाळेच्या दोन पेन्सिली ठेवतो, एक साधारण ७ मिमीची असते. टाचेमागे दोन पेन्सिली शेजारी-शेजारी जेमतेम गेल्या तर नेहमीच्या स्कीइंगला उत्तम. एकच जात असेल तर तो रेसवाल्यांचा फिट. दोन जाऊन वर अजून बोट फिरत असेल तर बूट मोठा आहे, मग सेल्समन काहीही बोलो.

मग लायनर घालून बकल लावा आणि पंधरा-वीस मिनिटं नुसते उभे रहा, चहा प्या. सरळ उभं राहिलं की बोटं पुढे टेकणार, गुडघे पुढे दाबले की सुटणार, असं झालं पाहिजे. घट्ट वाटणं आणि दुखणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सगळीकडून सारखं आवळलंय, जसं कोणी जोरात हात मिळवलाय, ते चालेल, कारण लायनर थोड्याच दिवसात दबतो आणि जागा होते. एकाच जागी सुई टोचल्यासारखं होत असेल तर तिथं काम करावं लागेल. मोजा एकच, पातळ. दोन मोजे घालून ऊब येत नाही, रक्त अडतं न पाय उलट गार पडतात.

ग्वाल्हेरहून (लष्कर): माझे ९६ लास्टचे बूट आहेत, पायाच्या आतल्या बाजूचं हाड फार दुखतं. मेहुण्याची डेंटल लॅब आहे, तिथल्या मशीननं आतून घासू का? की मोच्याकडून गरम करून ताणून घेऊ?

वा, हा प्रश्न वाचून मजा आली, कारण दातांच्या कवळ्या घासायचं ते छोटं मशीन आणि त्याचा कार्बाइड बर, म्हणजे पुढचं घासायचं टोक, या कामाला खरंच चालतो. मोच्याकडे मात्र नका नेऊ. त्याचा दोष नाही, त्याला चामडं कळतं, हे पॉलियुरेथेन आहे. शेल ताणायला हॉट एअर गन लागते, प्रेस लागतो आणि किती गरम करायचं याचा हात लागतो, जास्त झालं की प्लास्टिक चकाकतं, मग बुडबुडे येतात आणि बूट गेला. शिवाय ताणलेली जागा थोडी परत मागे येते. जाड भिंतीच्या रेस बुटाला थोड्या जागेसाठी घासणंच बरं.

पण मशीन हातात घ्यायच्या आधी माझा किस्सा ऐका. मलाही तेच आतलं हाड टोचत होतं, घोट्याच्या खाली जरा पुढे असतं ते. मी खुर्चीवर बसून, पाय अधांतरी, हाडावर खूण केली आणि सियागंजमधून आणलेल्या मशीननं छान वाटीसारखी जागा केली. पोचलो गुलमर्गला, आणि दुखणं जसंच्या तसं! झालं काय होतं, की उभं राहिलं की वजनानं पायाची कमान खाली बसते आणि ते हाड खाली आणि आत सरकतं, म्हणजे मी केलेली वाटी रिकामी आणि हाड तिच्या शेजारी भिंतीला. म्हणून आधी फूटबेड, म्हणजे बुटात तळपायाखाली घालायचं पॅड. पायाच्या सपोर्टचे पॅड बनवणारे ऑर्थोटिस्ट ग्वाल्हेरलाही असतील, त्यांच्याकडून तळपायाचा साचा घेऊन कडक पातळ फूटबेड करा, स्कीच्या बुटासाठी हवाय हे सांगा नाहीतर वॉकिंगवाला जाड देतील. कधीकधी नुसत्या फूटबेडनंच हाड भिंतीपासून सुटतं आणि घासायची वेळच येत नाही.

तरी दुखलंच तर शेलमध्ये फूटबेड ठेवा, हाडावर ओलं कुंकू लावा, बाहेरच्या देशात लिपस्टिक लावतात पण कुंकवाची खूण जास्त ठळक येते असा माझा अनुभव, आणि लायनरशिवाय शेलमध्ये उभं राहून गुडघे दाबा. जिथं लाल उमटलं तिथंच घासायचं. एका वेळी मिलिमीटरभर, मग परत घालून बघायचं, मग परत. एका जागी थांबलात तर प्लास्टिक वितळून बराला चिकटतं, हात फिरता ठेवा. मास्क आणि चष्मा लावा, ती भुकटी फार बारीक असते. खड्ड्याच्या कडा उतरत्या करा नाहीतर नवीन कड नवीन जागी टोचेल. आणि मेहुण्याला आधीच सांगून ठेवा की बर परत कवळ्यांना वापरू नको!

मांजलपूर, वडोदरा: बहीण कॅलगरीहून येतेय, लायनर आणायला सांगू म्हणते. फोमचा, कॉर्कचा की गरम करून बसवायचा?

फोमवाला तर तिच्याबरोबर येऊच शकत नाही. त्यात दोन द्रव्यं मिसळून तुमचा पाय बुटात असतानाच लायनरमध्ये सोडतात, ते फुगून काही मिनिटांत घट्ट होतं, म्हणजे पाय तिथं हवा आणि ते काम करणारा माणूसही. रेसवाल्यांना तो आवडतो कारण पाय अजिबात हलत नाही, पण शेल आधी नीट घासलेला नसेल तर फोम चुकीचाच आकार धरतो आणि मग तो आकार कायमचा.

गरम करून बसवायचे, इंट्युइशन कंपनीच्या लायनरसारखे, वजनानं हलके आणि उबदार, परत गरम करून परत बसवता येतात. त्यांना खास ओव्हन किंवा गरम हवेचा पाइप लागतो, घरच्या केकच्या ओव्हनमध्ये नको, मी पाप केलेलं आहे, एक बाजू जास्त शिजली. कॉर्कवाले, झिपफिट कंपनीच्यासारखे, महाग आणि जड, पण आतला कॉर्कचा लगदा पायाच्या उबेनं हळूहळू सरकून बसतो, पहिले काही दिवस दुखतं, मग टिकतात भरपूर. तुम्ही वर्षाला एकदाच आठवडाभर जाणार असाल तर कॉर्क बसेपर्यंत सुट्टी संपेल, तेव्हा गरमवाला. तो तिच्याकडून नुसता मागवा, बसवून घ्या जिथं सोय असेल तिथं. आणि शेल मोठा असेल तर कुठलाच लायनर त्याला वाचवत नाही.

पलसीकर कॉलनी, इंदूर: नडगी इतकी दुखते की दुपारी बूट काढून बसते. नवरा म्हणतो मऊ बूट घे. मुलगा १३ वर्षांचा, औलीच्या स्की कँपनंतर त्यालाही रेस बूट हवेत.

ताई, आधी एक सांगा, थर्मल पँट बुटाच्या आत खोचता का? बहुतेक हो. त्याची घडी नडगीवर दिवसभर दाबते. बुटात फक्त मोजा जायला हवा, थर्मल वर दुमडून. तरी दुखलं तर मऊ बूट घेऊन उपयोग नाही, आहे तो वरून ढिला असेल. पाय आणि बुटाच्या जिभेत फट राहिली की प्रत्येक वळणाला नडगी त्यावर आपटते. वरचा पट्टा लवचिक इलास्टिकचा घालून बघा, फरक कळतो. बायकांची पोटरी खाली भरलेली असते, त्यामुळे बकल लागतच नाही असं होतं, मागचा काढता येणारा तुकडा काढायचा नाहीतर बकलची पट्टी स्क्रू काढून पुढे सरकवायची. आणि घरी टाचा न उचलता उकिडवं बसता येतं का बघा. येत असेल तर घोटा मोकळा आहे. नसेल तर टाचेखाली काही मिलिमीटरची पट्टी घातल्यानं आराम पडतो.

मुलाला प्लग नको. आरिफ खान २०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये भारताचा एकटा खेळाडू होता, जायंट स्लॅलम या स्की शर्यतीत ४५ वा आला, गुलमर्गजवळचाच, मुलांनी त्याला बघून रेस बूट मागितले तर मला आनंदच आहे. पण १३ च्या पोराचे पाय वाढतायत आणि वजन कमी, कडक बूट त्याला वाकणारच नाही, मग तो मागे बसून स्की करायला शिकेल आणि ती सवय जाता जात नाही. त्याच्या वजनाला झेपेल असा ज्युनियर बूट, टाचेमागे दोन पेन्सिली, बस. शाळेच्या बुटांसारखे दोन नंबर मोठे घेऊन ठेवायचे नाहीत.

आणि तुम्ही खाली बारीक अक्षरात विचारलंय की उन्हाळाभर बूट माळ्यावर ठेवू का, तर नका ठेवू, पत्र्याखालचा माळा भट्टी असतो. लायनर काढून सावलीत पूर्ण वाळवा, परत घाला, बकल हलकेच लावून कपाटात खाली ठेवा, उघडे ठेवले तर शेल पसरतो. पावसाळ्यात एकदा बाहेर काढून हवा द्या, बुरशी येते. माझ्या आईनं त्यात कडुलिंबाचा पाला टाकला होता, बुरशी आली नाही, पण पुढच्या जानेवारीत भर गोंडोलात वास आला.