टार्गेट आणि शिकार, दोन्हीसाठी मोठ्या बोअरचं एकच रिव्हॉल्वर घ्यायचं तर कोणतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मूळचे सोलापूरचे, सध्या टेक्ससमध्ये नोकरी, शनिवार-रविवार रेंजवर टार्गेट मारायचं, हंगामात हरण आणि रानडुकराच्या शिकारीलाही जायचं, त्यासाठी नेमाला पक्कं असं मोठ्या कॅलिबरचं, म्हणजे जाड गोळीचं, एकच रिव्हॉल्वर हवं. शिवाय पुढेमागे गावी परतलात तर ते सोबत आणता येईल का, हेही विचारलंय. मी टेक्ससमध्ये बरीच वर्षं काढून सोलापुरात परतलोय. तिथे रेंजही केली आणि शिकारही, म्हणून सविस्तर लिहितो.

माझं उत्तर .44 मॅग्नम. सहा ते साडेसात इंची नळी, पूर्ण पोलादी अंग, वजन सव्वा किलोच्या पुढे आणि मागची साइट, म्हणजे नेम धरायची खाच, स्क्रूने हलवता येणारी. हे घ्या आणि वर्षभर त्यातून बहुतेक काडतुसं .44 स्पेशलचीच मारा.

सगळी गंमत या शेवटच्या वाक्यात आहे. .44 स्पेशल हे 1907 चं जुनं, शांत काडतूस. 1955 साली त्याचीच पुंगळी थोडी लांब करून .44 मॅग्नम काढलं. लांबी मुद्दाम वाढवली, म्हणजे मॅग्नम चुकून जुन्या, नाजूक हत्यारात बसू नये. उलटं मात्र चालतं: मॅग्नमच्या रिव्हॉल्वरमध्ये स्पेशल बिनधास्त बसतं. स्पेशलची 246 ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळी सेकंदाला साधारण 750 फुटांनी जाते, मॅग्नमची 240 ग्रेनची 1,200 ते 1,400 फुटांनी. म्हणजे तेच हत्यार, तोच चाप, तीच मूठ. सकाळी कागदावर शांतपणे गट बसवा आणि हंगामात त्यातूनच शिकार करा. तुम्ही म्हणताय ती अष्टपैलू बंदूक ही अशी काडतुसांमुळे होते. एकच पथ्य पाळा. आखूड पुंगळीमुळे चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं त्या भोकात, पुढे काजळीचं कडं साचतं. ते ब्रशने घासून काढल्याशिवाय मॅग्नम भरू नका, नाहीतर पुंगळ्या आत अडकून बसतात.

बाकीच्या कॅलिबरबद्दल झटपट सांगतो. .357 मॅग्नम (1935) टार्गेटला उत्तम, पण हरणासाठी जवळच्या अंतरावरच आणि डुकरासाठी मला तोकडं वाटतं. .45 कोल्ट 1873 चं असलं तरी आजच्या मजबूत रिव्हॉल्वरमध्ये झकास चालतं. मिळालं तर नाही म्हणू नका. .454 कॅसुल आणि .500 स्मिथ अँड वेसन ही अस्वलांच्या मुलखातली हत्यारं. टेक्ससच्या हरणासाठी एवढा धक्का खाण्यात अर्थ नाही आणि त्यावर टार्गेटचा सराव तर होतच नाही.

मॉडेलं तीन डोळ्यासमोर ठेवा. स्मिथ अँड वेसनचं 629 स्टेनलेसमध्ये येतं. त्याचा चाप हातात घेताक्षणी आवडतो आणि टार्गेटकडे कल जास्त असेल तर हेच घ्या. रूगरचं सुपर ब्लॅकहॉक सिंगल अ‍ॅक्शन आहे, म्हणजे दर गोळीला घोडा अंगठ्याने चढवायचा. स्वस्त, दणकट, आणि त्याची मूठ धक्क्याला हातात वर सरकते, त्यामुळे तळव्याला कमी लागतं. जुनं घेणार असाल तर 1973 च्या आधीचं आहे का ते विचारा. त्या जुन्या बनावटीत घोड्याखालचं चेंबर रिकामं ठेवून पाचच काडतुसं भरतात. तिसरं रूगरचंच सुपर रेडहॉक, 1987 पासूनचं. दीड किलोचं धूड आहे, पण दुर्बीण बसवायच्या खाचा त्याच्या फ्रेमवरच कोरलेल्या असतात. पन्नाशीकडे झुकलेल्या डोळ्यांना माशी (नळीच्या टोकावरची पुढची साइट) अंधुक दिसायला लागली की या खाचांची किंमत कळते. मला स्वतःला शिकारीसाठी हेच आवडतं.

आता नेमाचं. रिव्हॉल्वरच्या सिलिंडरमध्ये, म्हणजे फिरणाऱ्या नळकांड्यात, सहा चेंबरं असतात आणि नळी एक. प्रत्येक चेंबर नळीच्या नेमक्या रेषेत यायला हवं, नेमाचं सगळं गुपित इथेच. म्हणून दुकानात ब्रँडपेक्षा समोरच्या काउंटरवरचा तो एक नग तपासा. आधी सिलिंडर उघडून सगळी चेंबरं रिकामी असल्याची खात्री करा, दुकानदारालाही दाखवा. मग त्याची परवानगी घेऊन घोडा अगदी सावकाश मागे ओढा. घोडा अडकायच्या क्षणापर्यंत सिलिंडर टक् करून जागेवर बसलाच पाहिजे, आणि तेही सहाच्या सहा चेंबरांवर. आपल्याकडे यंत्रमागावर धोट्याची वेळ केसभर चुकली की कापड बिघडतं, तसंच हे. सिलिंडर उशिरा बसला की गोळी नळीच्या काठाला घासत आत शिरते, नेम फाटतो आणि शिशाचे कण बाजूला उभ्या माणसाच्या अंगावर उडतात.

मग हत्यार उजेडासमोर आडवं धरा आणि सिलिंडर व नळी यांच्यामधली फट बघा. फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) असेल तर मोजा: 0.10 ते 0.15 मिलिमीटर म्हणजे छान. शेवटी थ्रोट, म्हणजे चेंबरचं पुढचं तोंड. खिशात .429 किंवा .430 इंचाच्या चार-दोन सुट्या गोळ्या ठेवा (फक्त गोळी, काडतूस नव्हे) आणि पुढून बोटाने दाबून बघा. किंचित अडत, पण बोटाच्या जोराने गेली तर उत्तम. आपली आपण घरंगळली तर थ्रोट सैल. जोर लावूनही शिरेना तर घट्ट, आणि तशा थ्रोटमधून शिशाची गोळी नळीत पोचेपर्यंत बारीक झालेली असते. सहाही थ्रोट एकसारखे लागले तर दुसरीकडे फिरू नका, तेच उचला.

घरी आणल्यावर एक लक्षात ठेवा: हळू गोळी कागदावर वर लागते, वेगवान खाली. नवख्याला हे उलटं वाटतं. पण धक्क्याने नळी वर उचलत असते आणि हळू गोळी नळीत जास्त वेळ रेंगाळते, म्हणून ती वर जाते. हलवता येणारी साइट त्यासाठीच मागितली. स्पेशलला किती क्लिक, मॅग्नमला किती, हे वहीत लिहून ठेवा.

हत्यार कितीही अचूक असलं तरी मोठ्या बोअरला माणूस दचकतो. आवाज 160 डेसिबलच्या वर जातो. कानात बोळे आणि त्यावर मफ, दोन्ही लावा. शिकारीतही कान उघडे ठेवू नका, त्यासाठी इलेक्ट्रॉनिक मफ मिळतात. डाव्या हाताची बोटं सिलिंडरच्या फटीजवळ कधीही नेऊ नका, तिथून निघणारा गरम वायू कातडी कापतो. दचकणं तपासायचं तर मित्राला सिलिंडरमध्ये काही जिवंत काडतुसं आणि काही रिकाम्या पुंगळ्या मिसळून भरायला सांगा. रिकाम्या पुंगळीवर घोडा पडला आणि माशी खाली गचकली, तर गोळी कुठे जात होती ते तुम्हाला तिथल्या तिथे दिसतं. माशी जागची हलत नाही तोवर मॅग्नम बाजूला आणि स्पेशल चालू.

शिकारीचं अंतर रिव्हॉल्वर ठरवत नाही, तुम्ही ठरवता. आठ इंची कागदी ताट लावा, बेंचवरून नाही तर गुडघ्यावर बसून किंवा झाडाला टेकून मारा. ज्या अंतरावर सगळ्या गोळ्या ताटात बसतात तेवढंच तुमचं अंतर, त्यापुढे एक पाऊलही नाही. बहुतेकांचं ते पन्नास यार्डांच्या आसपास निघतं. जखमी जनावर झुडपात शिरलं की रात्रभर माग काढावा लागतो आणि त्याचे हाल होतात. हरणाला 240 ग्रेनची फुलणारी गोळी द्या, डुकराला सपाट तोंडाची कडक शिशाची.

खरेदीच्या आधी कागद बघा. तुम्ही एच-1बी किंवा तशाच तात्पुरत्या व्हिसावर असाल तर तिथला केंद्रीय कायदा बंदूक घ्यायला आणि बाळगायला मनाई करतो. मोजके अपवाद आहेत, त्यातला एक म्हणजे मुदतीत असलेला शिकारीचा परवाना. ग्रीन कार्डवाल्यांना ही अडचण नाही. मित्राच्या नावावर घेऊन आपण वापरायचं, हा गुन्हा आहे. कुणीही सुचवलं तरी करू नका. टेक्ससमध्ये 2 सप्टेंबर 1971 किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना शिकारीसाठी हंटर एज्युकेशनचा कोर्स लागतो. तो मनापासून करा, त्यात शिकण्यासारखं पुष्कळ आहे.

गावी आणायचं मात्र डोक्यातून काढा. आपल्याकडे 1959 चा शस्त्र कायदा आहे. परवान्याशिवाय रिव्हॉल्वर देशात आणणं हा गंभीर गुन्हा, आणि परवाना मागायचा तर शहरात पोलिस आयुक्तांकडे, ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांकडे कारण पटवावं लागतं. शिकार हे कारण चालत नाही, 1972 च्या वन्यजीव कायद्याने तिला बंदी आहे. स्पर्धेचंही जमत नाही: 25 मीटर सेंटर फायरला 7.62 ते 9.65 मिलिमीटरचीच मर्यादा आहे आणि .44 ची गोळी जवळजवळ 10.9 मिलिमीटरची. कोल्हापूरच्या राही सरनोबतने 2018 च्या आशियाई स्पर्धेत 25 मीटर पिस्तूलमध्ये सुवर्ण मिळवलं ते .22 वर. त्यामुळे परतताना हत्यार तिथेच रीतसर विका. इथे क्लबात एअर पिस्तूल घ्या, चापाचा सराव त्यावरही होतो.

जाता जाता एक. टेक्ससच्या हिल कंट्रीत 1932 पासून आपल्याकडचं काळवीट नेऊन सोडलंय. तिथे त्याची शिकार कायदेशीर आहे, तुम्हाला रँचवाले आग्रहाने विचारतील. आपल्या सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर तेच काळवीट मारलं तर तीन ते सात वर्षांची कैद. टेक्ससमध्ये परवानगी असूनही माझा हात काही त्याच्यावर उचलला गेला नाही. लहानपणापासून नान्नजला ज्याला बघत आलो त्याला काठीला टांगलेलं बघवलं नसतं. तुम्ही तुमचं ठरवा.

पहिली पायरी म्हणून जवळच्या रेंजवर 629 आणि सुपर ब्लॅकहॉक भाड्याने घेऊन दोन्हीतून स्पेशल मारून बघा. तुमच्या हाताचा पंजा केवढा आहे, व्हिसा कोणता आहे आणि बजेट किती, ते खाली लिहा. त्याप्रमाणे मूठ कोणती बसवायची ते सांगतो.