समोरचं बटन दाबलं तरी पीसी मुकाच

प्रश्न: भाऊ, अमरावतीहून जुना कॅबिनेट (पीसीचा डबा) आणला, त्यात नवा मदरबोर्ड (सगळे पार्ट जोडायचा मुख्य बोर्ड) टाकला, पण समोरचं बटन दाबून पीसी चालूच नाही होऊन राहिला, अन यूएसबीची वायर कुठं खुपसायची तेबी समजत नाही. काहून असं? – एक वाचक, दर्यापूर तालुका

उत्तर: राजेहो, पीसी मेला नाही, बटनाची वायर बोर्डाच्या चुकीच्या पिनांवर लागली असन. आधी भिंतीतला प्लग काढा. बोर्डाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात बहुतेक ९ पिनांचा छोटा गठ्ठा असते, मोबाइलचा टॉर्च मारून पाहा, बाजूला बारीक अक्षरं दिसतील. सहसा ६ अन ८ नंबरवर पॉवर स्विच, ५-७ वर रीसेट, २-४ वर पॉवरचा लाइट अन १-३ वर हार्ड डिस्कचा, तरी आपल्या बोर्डाचं पुस्तक एकदा उघडाच, कंपनीप्रमाणे फरक पडते. स्विचची वायर उलटी लागली तरी चालते, लाइटची नाही चालत, लाइट नाही लागला तं पलटवून टाका.

आता यूएसबी. साध्या २.० चा प्लगबी ९ पिनांचा अन ऑडिओचाबी (समोरच्या हेडफोन-माइकचा) ९ चाच, इथंच लोकं फसतात. यूएसबीत कोपऱ्यातली पिन गायब असते, ऑडिओत शेवटून दुसरी. बसत नसन तं दाबू नका बावा! ३.० चा प्लग जाडा, १९ पिनांचा, तो सरळ धरूनच बसवा, माझ्या हातून एकदा त्याची पिन वाकली होती, सुईनं सरळ करता करता अर्धी रात्र गेली, अन मधात लाइनबी गेली.