सगळ्यांना पटतं, तरी कुणी येत का नाही?

प्रश्न : आमच्या गटात २०० जण आहेत. मागणी सगळ्यांना मान्य, पण कामाला तेच आठ-दहा चेहरे. आपलेपणा कमी पडतोय का?

उत्तर : आपलेपणाला दोष देण्याची घाई नको. अमेरिकी अर्थतज्ज्ञ मॅन्कर ओल्सन यांनी १९६५मध्येच मांडलं होतं, की न राबणाऱ्यालाही फायदा मिळणार असेल, तर मोठ्या गटात माणूस हिशेबानेच घरी बसतो. दोनशेत एकाची गैरहजेरी कळतही नाही, दहांत लगेच डोळ्यांत भरते. म्हणून दहा-बारा जणांच्या तुकड्या करा. प्रत्येक तुकडीला नेमकं काम आणि तारीख द्या. (भाषणं मात्र आवरा, त्यांनी फार तर पहिली सभा भरते.) नियम वरून लादू नका, पाळणाऱ्यांनाच ठरवू द्या. चुकणाऱ्याला आधी नुसती समज, मग हळूहळू कडक. जंगल, पाणी यांसारखी सामायिक संसाधनं टिकवणाऱ्या गटांत राज्यशास्त्रज्ञ एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना हेच आढळलं. चुकणाऱ्याची थेट हकालपट्टी केलीत, तर त्याचे चार मित्रही जातील.