नागपूरच्या उन्हाळ्यात जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्ड ओव्हरक्लॉक करावं का, म्हणजे ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवावं का?

सध्या तरी नको. तुमच्या कार्डाला पॉवर सप्लायची वेगळी वायर लागत नाही म्हणता, म्हणजे सगळी वीज मदरबोर्डच्या स्लॉटमधूनच येते आणि तिथली मर्यादा ७५ वॅट. क्लॉक, म्हणजे कार्डाचा वेग, कितीही वाढवा, कार्ड तिथंच अडतं. हाती येतील गेममध्ये सेकंदाला दोन-चार फ्रेम जास्त. त्यात मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ ला टेकतो. खोलीच तापली की पंखाही कार्डावर गरम हवाच मारतो. (आणि हो, कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर सोडू नका, ओल आत जाते.) त्यापेक्षा आफ्टरबर्नर या कार्डाच्या सेटिंग बदलायच्या सॉफ्टवेअरमध्ये व्होल्टेज थोडं उतरवून पाहा, वेग जवळपास तोच राहून तापमान कमी होतं. वेगच हवा असेल आणि रॅमची एकच स्टिक असेल तर आधी दुसरी घ्या. डिसेंबरात हौस आलीच तर मेमरी क्लॉक (कार्डाच्या मेमरीचा वेग) ५०-५० मेगाहर्ट्झनं वाढवा. स्क्रीनवर ठिपके दिसले की मागे या.